डावखुऱ्या मावळ्यांच्या मागे सोलापूरपर्यंत

शिवलीला मॅडमचा मेसेज आला तेव्हा मी वांगी चिरत होते. त्या सोलापूरच्या एका जुन्या शाळेत ग्रंथपाल आहेत आणि हा ब्लॉग वाचतात. मेसेज असा होता: 'तुम्ही ज्या किल्ल्याच्या पुस्तकाबद्दल लिहिता ते आमच्या कपाटात आहे असं वाटतंय. पहिली पानं नाहीत. सोमवारी रद्दीवाला येणार आहे. बघून जाता का?' सोबत फोटो होता, तोही पुस्तकाच्या पाठीचा. चौकडीच्या कापडाची पाठ, बाकी काही दिसेना. मी वांगी तशीच पाण्यात टाकली आणि रेल्वेचं तिकीट बघायला बसले.

नेहमीच्या वाचकांना माझं हे वेड ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. मी मुलांसाठी लिहिलेली जुनी इतिहासाची पुस्तकं जमवते, आणि जमली तर पहिल्या आवृत्तीतली. त्यातलं एक पुस्तक बारा वर्षं मला हुलकावणी देत होतं. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण एकदा नाव दिलं आणि महिन्याभरात त्याचा भाव चौपट झाला होता. आपण त्याला किल्ल्याचं पुस्तक म्हणू. त्याची दुसरी आवृत्ती माझ्याकडे लहानपणापासून आहे. मी ती वाचली, पुढे माझ्या मुलीला, मुक्ताला, जेवताना वाचून दाखवली, तिच्या पानांवर वरणाचे डागही आहेत. पहिली मात्र मी कधी पाहिलेली नव्हती. पुण्यातल्या एका वृद्ध पुस्तकविक्रेत्यानं मला फक्त तिची खूण सांगितली होती. "पहिल्या आवृत्तीत चित्राचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करणाऱ्यानं निगेटिव्हची काच उलटी ठेवली. गड चढणाऱ्या मावळ्यांचं मोठं चित्र आहे ना, त्यात सगळ्यांच्या तलवारी डाव्या हातात आल्या. दुसऱ्या आवृत्तीत चूक सुधारली." ते गृहस्थ गेले. डावखुरे मावळे माझ्या डोक्यात राहिले.

"एका पुस्तकासाठी अडीचशे किलोमीटर?" नवरा म्हणाला.

"जाऊन येऊन पाचशे," मी त्याची चूक सुधारली. समोरच्याची चूक सुधारल्याशिवाय मला घास जात नाही, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे.

शनिवारी सकाळी पुण्याहून गाडी पकडली. चार-साडेचार तासांचा प्रवास आहे. खुर्चीचं आरक्षण मिळत असेल तर घ्या, दुपारच्या गाड्यांच्या वाटेला उगाच जाऊ नका, उन्हानं डबा तापतो. मी गेले जानेवारीच्या शेवटी, आणि जायचं तर तेव्हाच जावं. दौंड सोडलं की हिरवं विरळ होत जातं आणि मग ज्वारीच ज्वारी. कुर्डुवाडीला समोर दोन काका येऊन बसले, त्यातल्या एकाच्या पिशवीत हुरडा होता.

"मंगळवेढ्याकडं कणीस कसं हाय यंदा?" दुसऱ्यानं विचारलं.

"भरलंय की. काळ्या रानाला एक पाणी बी द्यावं लागलं न्हाय." मग माझ्याकडे बघून, "घ्या ताई, हात पुढं करा. बघत काय बसलाय?"

मी ओंजळ पुढे केली. हुरडा गरम नव्हता, तरी इतका गोड की पुढची दोन स्टेशनं मी कुणाशी बोलले नाही.

सोलापुरात स्टेशनजवळच्या लॉजवर खोली घेतली, साधी, स्वच्छ. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, पातळ भाजी. भाकरी मोडताना आवाज होतो आणि सगळं हॉटेल तुमच्याकडे बघेल असं वाटतं, पण कुणी बघत नाही, सगळेच मोडत असतात. शेंगाचटणी परतताना विकत घ्या, आल्या आल्या घेतलीत तर लॉजवरच संपते. शाळेपर्यंत रिक्षा केली. शाळा विणकरांच्या वस्तीत आहे. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट सुरू होते, आणि दारात बसलेल्या बायका तेलुगूत गप्पा मारत असतात, त्या खटखटीच्या वर आवाज काढून.

शिवलीला मॅडम फाटकातच उभ्या होत्या. ठेंगण्या, कपाळावर विभूती, खांद्याला पर्स, कानाला फोन. फोनवर घरी कानडीत काहीतरी बजावत होत्या, मला बघताच थेट मराठीत आल्या. "आलात की खरंच! मला वाटलं, पुण्याचं माणूस, येतो म्हणतंय आणि राहतंय."

त्या या महिन्याअखेर निवृत्त होणार आहेत. ग्रंथालयाच्या खोलीत आता संगणक येणार. नवीन पुस्तकं दुसऱ्या खोलीत गेली, जुन्यांचं एक कपाट उरलं, दोनेकशे पुस्तकं. मुख्याध्यापकांनी सांगितलंय की त्यात काही दुर्मीळ असल्याचं सिद्ध झालं तर कपाट राहील, नाहीतर सोमवारी जाईल. "सर वाईट न्हाईत," मॅडम म्हणाल्या, "पण संस्थेला उत्तर द्यावं लागतं त्यांना. मला एवढंच वाटतंय, मी जायच्या आधी हे कपाट जाऊ नये. एकतीस वर्षं मीच ते उघडलंय."

त्यांनी कपाट उघडलं आणि मी पहिल्यांदा थक्क झाले. दोनेकशे पुस्तकं, सगळी एकाच हातानं बांधलेली. पुठ्ठ्यावर साधा करडा कागद, पाठीला आणि कोपऱ्यांना सोलापुरी चादरीचं कापड, लाल-काळं, हिरवं-पिवळं. चादरी कापताना उरलेले तुकडे असणार. आणि इतक्या जुन्या कागदात एक कसर नाही, एक भोक नाही. मी खूप शाळांची कपाटं पाहिलीयत. बहुतेक ठिकाणी पुस्तक उघडलं की भुसा गळतो.

ज्यांना हा नाद लागलाय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहिली आवृत्ती ओळखायची तर आधी नावाचं पान आणि त्याची मागची बाजू बघा. तिथे आवृत्त्यांची यादी असते, एकच ओळ असेल तर आशा धरा. मग किंमत बघा. मूळ किंमत आण्यांत आणि वर नये पैशांचा शिक्का असेल तर साठा जुना, छपाईतच नये पैसे असतील तर पुस्तक नंतरचं. मलपृष्ठावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात असते, त्यात एखादं नंतर निघालेलं पुस्तक दिसलं की खेळ संपला. प्रस्तावना एकच आहे का, तेही पाहा. लेखक दुसऱ्या आवृत्तीला हमखास दुसरी प्रस्तावना जोडतात, त्यांना आभार मानायचे असतात.

आता गंमत बघा. या दोनशे पुस्तकांत यातलं काहीच नव्हतं. नावाचं पान नाही, किंमत नाही, मलपृष्ठ नाही. प्रत्येक पुस्तक थेट मजकुरानं सुरू होत होतं.

मॅडमनी किल्ल्याचं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते टेबलावर ठेवलं, हात पदराला पुसले आणि मधलं पान उघडलं. पान बरोबर उघडलं गेलं, कारण हजार वेळा ते तिथेच उघडलं गेलं असावं.

सगळ्यांच्या तलवारी डाव्या हातात.

ढाली उजव्या हातात, कडा डावीकडे, चंद्र उजवीकडे. लहानपणापासून पाठ असलेलं चित्र कुणीतरी आरशात धरावं तसं. माझ्या अंगावर काटा आला. बारा वर्षं ऐकीव असलेली गोष्ट खरी निघाली होती, आणि ती तेलकट बोटांच्या ठशांसकट माझ्यासमोर होती. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मॅडम हळूच म्हणाल्या, "पाणी देऊ का?"

मॅडमनी मुख्याध्यापकांना तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता तर माझा विश्वास आहे. पण संस्थेला चित्राचा हात उलटा आहे म्हणून कसं सांगू? पुस्तकात कुठं छापलेलं आहे का, पहिली आवृत्ती म्हणून?"

त्यांचं बरोबर होतं. तोच चुकीचा ब्लॉक वापरून मधे एखादं पुनर्मुद्रण निघालं असेल, तर मी तोंडघशी पडणार. आणि इथे एक कबुली देऊन टाकते. त्या क्षणी माझ्या मनात आलं की सिद्ध झालं नाही तर सोमवारी हे पुस्तक रद्दीत जाईल, आणि रद्दीवाल्याकडून मीच घेईन. मॅडम समोर बसून माझ्यासाठी बाटलीचं झाकण उघडत होत्या. मला माझीच लाज वाटली.

"ही सगळी बांधली कुणी?" मी विचारलं.

"करीमचाचांनी. मी लागायच्या आधीपासनं. आता कुंभारीला असतात, मुलाकडं. ऐंशी तरी असतील. जाऊया का उद्या?"

संध्याकाळी भुईकोट किल्ल्यात जाऊन आले, तटावर बसून शेंगापोळी खाल्ली. किल्ला सुंदर आहे, तिकीट किरकोळ आहे, पण खरं सांगायचं तर मी तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्या लोकांचे हात बघत होते.

रविवारी सकाळी कुंभारीला. शहरातून शेअर रिक्षा मिळते, गर्दी असते, मांडीवर कुणाचं तरी मूल येतं. पुस्तक मॅडमनी स्वच्छ टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं. कामगारांच्या घरांच्या रांगा, एकासारखं एक घर. करीमचाचांचं घर ओळखायला सोपं, दाराबाहेर लाकडी दाबयंत्र ठेवलेलं, त्यावर आता छोट्या कुंडीत पुदिना. चाचा खाटेवर बसले होते. पांढरी दाढी, जाड भिंगं, बनियन. मॅडमना बघून उठायला लागले.

"बसा चाचा, बसा. पुण्याहून ताई आल्यात, पुस्तकांच्या जाणकार हायेत."

मॅडमनी टॉवेल सोडला. चाचांनी पुस्तक उघडलं नाही. पाठीवरून अंगठा फिरवला. "हे तर माझं हाय," म्हणाले. "म्हणजी शाळेचं. पण माझंच."

मी म्हटलं, "चाचा, याची पहिली पानं फाडून टाकलीत का?" आवाज जरा चढाच लागला असावा. बाइंडर लोक पहिली पानं टाकून देतात यावर मी या ब्लॉगवर दोन रागावलेले लेख लिहिले आहेत.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, नवल वाटल्यासारखं बघितलं. "टाकली? छापल्याला कागद कुटं टाकायचा? पायाखाली आला तर? हितंच हाय की." आणि त्यांनी पुठ्ठ्यावर टकटक केलं.

मॅडमनी वाकून पुठ्ठा निरखला.

"जरा गरम पानी लाव बेटी," त्यांनी आत सुनेला हाक दिली. तिनं वाटीत पाणी आणि एक फडकं आणून ठेवलं. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून जो कागद चिकटवलेला असतो, अस्तराचा, त्यावर चाचांनी ओलं फडकं ठेवलं, आणि बोलत राहिले. "पोरं पुस्तक हाताळत्यात, पैलं वरचं पानच निघतंय. ते परत वर लावलं की परत फाडत्यात. म्हणून मी अस्तराखाली ठेवायचो. फक्त चारी कडंला खळ, मधी कोरडं. मैद्याची खळ, त्यात मोरचूद. मोरचूद घातली की कसर लागत न्हाय. आन् खळ पाण्यानं सुटती. उद्या कुणाला पान लागलं, तर निघाया पायजे की."

"मला कधी सांगितलं न्हाईत चाचा!" मॅडम जवळजवळ ओरडल्या.

"कुणी इचारलं न्हाय."

त्यांनी सुरी घेतली. डाव्या हातात. सुरीचं टोक अलगद कागदाखाली शिरलं. अस्तर हळूहळू वर आलं, दुधावरची साय काढावी तसं. खाली पिवळं पडलेलं, अख्खं, नावाचं पान. किल्ल्याचं छोटं चित्र, लेखकाचं नाव, तळाशी 'आवृत्ती पहिली', कोपऱ्यात 'किंमत बारा आणे'. शाळेचा गोल शिक्का.

मला रडू आलं. लपवत नाही. मॅडम तर सरळ डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. "सगळ्यांत हाय?" त्यांनी विचारलं. "दोनशेत?"

"जेवडी मी बांधली तेवड्यांत." चाचा साधेपणानं म्हणाले.

चहा आला. चाचांनी मधलं पान स्वतः उघडलं, मावळ्यांचं. बोट ठेवलं. "ह्याच्यामुळं मी शिकलो, ताई. ह्याच शाळेत व्हतो मी. डाव्या हातानं लिवायचो म्हणून गुर्जी रोज छडी मारायचे. घरी बी मार. जेवताना हात बांधायचे. मी शाळा सोडणार व्हतो. मग हे पुस्तक आलं शाळेत, नवंकोरं. मी हे चित्र बघितलं. सगळे डावरे! मी पुस्तक घिऊन गुर्जींच्याकडं गेलो आन् म्हणलो, हे बगा. ह्येंनी गड घेतला की."

"मग?" मी विचारलं.

"गुर्जी लई येळ बघत बसले. मला वाटलं, आता दोन छड्या जास्तीच्या. पर त्येंनी छडी कपाटावर ठेवली. म्हणले, लिव. डाव्यानंच लिव. परत कदी मारलं न्हाय, मला बी न्हाय आन् दुसऱ्या कुनाला बी न्हाय." चाचांनी चहाचा घोट घेतला. "पुढं नवीन पुस्तक आलं, त्यात समदे उजवे केलते. गुर्जींनी ते शाळेत घेतलंच न्हाय, परत धाडलं. मला म्हणले, करीम, नव्या पुस्तकात चुकीचं छापलंय." मग त्यांनी मान वर केली आणि जाड भिंगांतून थेट माझ्याकडे बघितलं. "तुमी लई पुस्तकं बघितल्यात. गुर्जींचं खरं हाय न्हवं?"

मी, जी नवऱ्याचे किलोमीटर सुधारते. ब्लॉक, काच, उलटी ठेवणं, सगळं माझ्या जिभेवर होतं. बारा वर्षांचं ज्ञान. ते गुरुजी काही अडाणी नव्हते. चित्र बघत ते लई येळ बसले तेव्हा त्यांना नेमकं काय झालंय ते कळलं असणार, मला खात्री आहे.

"खरं आहे चाचा," मी म्हटलं. "पहिलीच आवृत्ती खरी."

परतताना रिक्षात मॅडम खूप बोलत होत्या. दर शनिवारी चार पुस्तकं चाचांकडे आणायची, निवृत्त झाल्यावरही, असं त्यांचं ठरलंसुद्धा होतं. मी हो हो म्हणत होते, पण मला दुसरंच दिसत होतं. आमचं जेवणाचं टेबल, चार वर्षांची मुक्ता, तिच्या डाव्या हातातला चमचा. तो काढून मी उजव्यात देत होते आणि समोर पुस्तक उघडून म्हणत होते, "बघ, मावळे कुठल्या हातानं लढतात? मग आपण कुठल्या हातानं जेवायचं?" हेच पान. माझ्या आवृत्तीतलं, सुधारलेलं. छडी मी कधी उगारली नाही, मला तिची गरज पडली नाही. मुक्ता शहाणी मुलगी होती. उजव्या हातानं जेवायला शिकली, लिहायला शिकली. चित्रं ती डाव्यानं काढायची. तेवढी तिनं सातवीत सोडून दिली, का ते मी कधी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत पुस्तक उघडं ठेवलं. त्यांनी चष्मा काढून, मग लावून, 'आवृत्ती पहिली' वाचलं. अस्तराचा उचललेला कागद बोटानं हलवून पाहिला. दोनशे पुस्तकांचं ऐकल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "तो रद्दीवाला आला की त्याला चहा द्या आणि परत पाठवा." मी संस्थेसाठी अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलं. त्यात नावाचं पान, किंमत, शिक्का, सगळं आहे. चित्रातल्या हातांबद्दल एक शब्द नाही, आणि लागलाही नाही. शाळेत कधी गेलात आणि करीमचाचा भेटले, तर तुम्हीही काही बोलू नका, एवढी विनंती आहे. चाचांचं नाव मी बदललंय, पण माणसं ओळखू येतात.

मॅडमनी निघताना शेंगाचटणीची दोन पाकिटं आणि चादरीचा एक तुकडा दिला, लाल-काळा, पुस्तकाच्या पाठीएवढा. गाडी दुपारचीच मिळाली. डबा तापला होता. मी आधीच सांगितलंय, दुपारची गाडी घेऊ नका.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "मिळालं पुस्तक?" मी म्हटलं, "मिळालं. तिथेच ठेवून आले." त्यानं चटणीचं पाकीट उघडलं.

मी कपाटातून माझी प्रत काढली, वरणाच्या डागांची. मावळ्यांचं पान उघडलं. स्वच्छ ब्लॉक, रेषा ठळक, छपाई पहिलीपेक्षा कितीतरी चांगली. सगळे उजव्या हाताचे. मला ते बघवेना. मग मोबाइलमध्ये सोलापुरात काढलेला फोटो शोधला आणि बंगळूरला मुक्ताला पाठवला, काही न लिहिता.

तासाभरानं तिचं उत्तर आलं. 'आई, हे तर डावखुरे आहेत!'

मी लिहिलं, 'हो. पहिल्या आवृत्तीत तसेच होते.'

पलीकडे ती काहीतरी लिहितेय असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं. मग आलं, 'मग तू मला दुसरी का वाचून दाखवलीस?'

याचं उत्तर मोबाइलवर लिहिण्यासारखं नाही. पुढच्या शुक्रवारचं बंगळूरचं तिकीट काढलंय. ती गाडी सोलापूरवरूनच जाते.